हळदीच्या बोटाचा दंड भरला, आता फळी तरी राहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळातले सगळे सदस्य,
आपलं सार्वजनिक वाचनालय.

विषय: पाककृतीची पुस्तकं निर्लेखित करण्याच्या नोटिशीबद्दल.

स.न.वि.वि.

गेल्या शनिवारी पुस्तक बदलायला आलो होतो. चपला काढायच्या जागेवर जो बोर्ड आहे तिथं अभ्यासिकेच्या फीचा कागद आणि रक्तदान शिबिराचा कागद यांच्या मधे तुमची नोटीस लागलीय. 'मागणी नसलेल्या व जीर्ण ग्रंथांचे निर्लेखन करण्यात येत असून' वगैरे, आणि खाली विभाग दिलेत, पाककला, विणकाम, गृहोपयोगी. खरं सांगतो, निर्लेखन हा शब्द मी पहिल्यांदा वाचला आणि मला तो निर्लेप तव्याचा चुलतभाऊ वाटला. मग ग्रंथपाल मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रद्दी हो, रद्दी." त्यांचाही चेहरा काही फार आनंदी नव्हता, पण ते असो, हे पत्र त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही, त्यांच्यावर उगाच राग काढू नका. मी आपल्या मनानं लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण अर्ज दिला की तो कुठल्या फायलीत जातो ते मला पतपेढीत बावीस वर्षं काढल्यामुळं चांगलं माहितीय.

तुमच्यातलेच एक जण (नाव घेत नाही) मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अहो आता बायका यूट्यूब बघून करतात सगळं, ही पुस्तकं नेतं कोण?"

मी नेतो. मी बाई नाही, वय सेहेचाळीस, मिशा आहेत, पोट पण आहे. माझी बायको नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस तिची दुसरी पाळी असते, म्हणजे दुपारी घर सोडलं की रात्री साडेनऊला परत. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, ओट्याशी ती दहा मिनिटांच्या वर उभी राहू शकत नाही. त्यामुळं संध्याकाळचा स्वयंपाक माझा, २०१९ पासून. आणि हा स्वयंपाक मी तुमच्या मागच्या खोलीतल्या त्या फळीवरून शिकलो, जिच्यावर ६४१.५ असा आकडा चिकटवलाय. ग्रंथालयाच्या दशांश पद्धतीत स्वयंपाकाचा हा आकडा आहे हे मला मॅडमनीच सांगितलं होतं. त्या फळीवर मी मोजली तेव्हा ८४ पुस्तकं होती. सगळी चांगली आहेत असं अजिबात नाही, त्याच्यावर पुढं येतोच.

सुरवातीचं सांगतो. पहिलं पिठलं केलं त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या. मला वाटायचं उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं आणि ढवळायचं, झालं. आई खुर्चीवरून ओरडून सांगायची पण ती जे सांगायची ते तिला माहीत असलेल्या माणसाला सांगितल्यासारखं, "अरे अंदाजानं घाल". अंदाज असता तर विचारलं असतं का? मग एक पुस्तक नेलं, त्यात वाटी आणि चमच्यात मापं होती. कमलाबाई ओगल्यांचं रुचिरा, १९७० चं, ते घराघरात पोचलं ते ह्याच वाटी-चमच्याच्या जोरावर, कारण नव्या माणसाला अंदाज नसतो पण वाटी असते. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या हे एक वाक्य वाचलं आणि माझ्या गुठळ्या कायमच्या गेल्या.

मग आला लॉकडाऊन. मार्च २०२० मध्ये माझ्याकडं तुमची दोन पुस्तकं होती, एक जाडजूड कादंबरी आणि एक ते वरचं पान गेलेलं, तपकिरी पुठ्ठ्यात बांधलेलं, ज्याच्यावर शाईनं नुसतं 'पाककृती' लिहिलंय. वाचनालयं बंद झाली ती ऑक्टोबरात उघडली. बायको रोज ड्युटीवर, आम्ही पाच जणांतले चौघं घरात, ती घरी आली की वेगळ्या खोलीत. त्या दिवसांबद्दल जास्त लिहीत नाही. पण कादंबरी तीन आठवड्यांत संपली, आणि ते पाककृतीचं पुस्तक सात महिने पुरलं. सगळं जग तेव्हा ती फेसाळ कॉफी फेटत होतं आणि आम्ही चौघं (धाकटा तेव्हा चार वर्षांचा, त्याला धरायचं की नाही हा प्रश्न आहे) ओट्याभोवती बसून कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी लिहिलेलं मोठ्यानं वाचत होतो.

त्यातूनच घरात एक नियम तयार झाला, तो आजतागायत चालूय. जो वाचेल त्याला भांडी माफ. मी पोळ्या लाटतो, आई मेथी निवडते नाहीतर लसूण सोलते, आणि पोरांपैकी एक जण बाजूच्या स्टुलावर बसून वाचतो. काहीही वाचायचं, गोष्ट, दिवाळी अंकातला लेख, पाककृती. कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, शिट्ट्या मोजायच्या, परत सुरू. थोरलीला भांड्यांचा इतका तिटकारा आहे की तिनं ह्या नियमाच्या जोरावर चार-पाच वर्षांत किती पुस्तकं संपवली असतील ते तुमच्या रजिस्टरलाच माहिती. धाकट्याला जोडाक्षरं येत नव्हती तेव्हा तो 'मिश्रण' हा शब्द 'मिसरण' वाचायचा, आमच्याकडं अजून भज्याच्या पिठाला मिसरणच म्हणतात. जेवताना मात्र वाचायचं नाही. आईचं म्हणणं, जेवताना वाचलं की अन्नही अंगी लागत नाही आणि अक्षरही. करताना वाचलं तर चालतं का, तर चालतं, ह्याला शास्त्राधार काही नाही, तिच्या सोयीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग मुलांना गोष्टीची पुस्तकं द्या, पाककृती कशाला. इथंच मला तुमच्याशी भांडायचंय. गोष्टीचं पुस्तक पोरगं एकटं वाचतं, कोपऱ्यात, पलंगावर उताणं पडून. छान आहे ते पण. पाककृतीचं पुस्तक मात्र घरातले चार जण एकाच वेळी वाचतात, भांडत वाचतात, आणि लगेच खरं-खोटं करून बघतात. असं दुसरं कुठलं पुस्तक तुमच्या वाचनालयात आहे ते मला दाखवा.

एकदा थोरलीनं कुठंतरी वाचलं की मराठीतलं पाककृतीचं जुनं छापील पुस्तक म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र, १८७५ चं. झालं, धाकटा म्हणाला त्या काळी टोमॅटो सूपचं एवढं मोठं पुस्तक? आई म्हणाली अरे टोमॅटो कसला, सूप म्हणजे आपलं पाखडायचं सूप, पूर्वी धान्य पाखडायला शिकवायला लागायचं. मी दोघांना हसलो पण मलाही नीट माहीत नव्हतं. मग तुमच्याच संदर्भ विभागातला शब्दकोश (जो घरी देत नाहीत, त्यामुळं मी उभ्यानं बघून आलो) सांगतो की संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं, वरणासारखं कालवण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याचं नाव वरणावरून पडलंय! हे रात्री घरी येऊन सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "मग, वरण बिघडलं तर ताट बिघडतं." त्यानंतर महिनाभर धाकटा मला सूपकार अशीच हाक मारत होता.

दुसरा किस्सा अदपावाचा. त्या बिननावाच्या पुस्तकात एके ठिकाणी 'अदपाव साखर' असं आहे. थोरली तेव्हा सातवीत. अदपाव म्हणजे काय ह्याच्यावर अर्धा तास गेला. अर्धा पाव, म्हणजे शेराचा आठवा भाग, म्हणजे दोन छटाक. मग शेर म्हणजे किती, तर ८० तोळे, तोळा ११.६६ ग्रॅम, तिनं वहीवर गुणाकार-भागाकार केला आणि ११६ ग्रॅमच्या वर काहीतरी उत्तर काढलं, एवढी खूश झाली की शाळेत पैकीच्या पैकी मिळाल्यावर पण नसेल. तेवढ्यात आई म्हणाली, "पण आमच्याकडं शेर मापाचा असायचा, वजनाचा नव्हे. धान्य मापानं, साखर वजनानं." पोरीचं तोंड पडलं. मग साखर आहे म्हणजे वजनाचाच शेर धरायचा असं ठरलं आणि गणित वाचलं. किलोग्रॅम देशात आणायचा कायदा १९५६ चा, म्हणजे हे पुस्तक त्याच्या आगेमागेचं असणार असा शोध तिनंच लावला. पुस्तकाला वरचं पान नाही, नाव नाही, साल नाही, आणि एका पोरीनं साखरेच्या मापावरून त्याचं वय काढलं. आणि तुमच्या नोटिशीत त्याला 'जीर्ण' म्हणलंय.

आता मुख्य गोष्ट. हे पुस्तक रद्दीत टाकायच्या आधी कृपा करून एकदा अनारशाचं पान उघडून बघा.

लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे मलाही मान्य आहे, तुमच्या भिंतीवर तशी पाटी पण आहे. पण त्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं जे लिहिलंय ते चार-पाच वेगवेगळ्या हातांनी, कदाचित चाळीस वर्षांच्या अंतरानं लिहिलेलं असणार, कारण एक अक्षर बोरूच्या वळणाचं आहे आणि एक अगदी आत्ताच्या मुलीचं गोल गोल. सगळ्यात वर एकच शब्द आहे, 'हसले.' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अनारसा तुपात सोडल्यावर पसरून विरघळायला लागला, त्याची जाळी पडायच्या ऐवजी चिंध्या व्हायला लागल्या की अनारसे हसले म्हणतात. करणारीला रडू येतं आणि अनारसा हसतो. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, 'गूळ जास्त झाला असणार. थोडी तांदळाची पिठी मिसळून दोन दिवस ठेवून बघा.' त्याच्या खाली, परत पहिलंच अक्षर, 'मिसळली. जमले. आभार.' म्हणजे त्या बाईनं (किंवा बुवानं) हे पुस्तक परत नेलं, उत्तर आलंय का बघितलं, केलं, आणि तिसऱ्यांदा पुस्तक नेऊन आभार लिहिले. खाली आणखी एक जण, 'तांदूळ तीन दिवस भिजवताना पाणी रोज बदलणे, नाहीतर वास येतो.' आणि अगदी तळाला गोल अक्षरात, 'खसखशीची बाजू वर!! मी उलटं सोडलं.'

दिवाळी २०२० ला मी पहिल्यांदा अनारसे केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, पंचावर सावलीत सुकवले, ओलसर असतानाच मिक्सरला लावून चाळले, गूळ घालून मळून डबा पाच दिवस ठेवून दिला. आईच्या मते मिक्सरचं पीठ म्हणजे पाप, ते खलबत्त्यातच कुटायला पाहिजे, पण खलबत्ता कोण उचलणार. पहिले चार अनारसे कढईत गेले आणि खदाखदा हसले. घरात एकदम शांतता. थोरलीनं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, 'गूळ जास्त झाला असणार.' पिठी मिसळली, दोन दिवस थांबलो, भाऊबीजेला जमले, अगदी जाळीदार नाही पण जमले. आणि गुन्हा कबूल करतो, पेन्सिल घेऊन मीही त्या कडेला लिहिलंय, 'दिवाळी २०२०. आमचेही हसले. पिठीनं वाचवलं.' त्याचा वेगळा दंड असेल तर सांगा, भरतो.

ह्या गावात कोण कोण राहून गेलं, कुणाच्या घरी कधी काय बिघडलं, कुणी कुणाला न बघता मदत केली ते त्या एका पानाच्या कडेला आहे. पीडीएफ करून ठेवू म्हणाल तर करा, जरूर करा, पण पीडीएफच्या कडेला पुढचा माणूस लिहिणार कुठं?

यूट्यूबवर माझा राग नाही. मोदकाच्या कळ्या मी व्हिडिओ बघूनच शिकलो, बोटं कशी फिरवायची ते कुठल्याही पुस्तकात शब्दांनी सांगता येत नाही, कितीही थोर लेखिका असू दे. पण रोजच्या स्वयंपाकाला फोन म्हणजे वैताग. हात पिठाचे, स्क्रीन बरोबर मोहरी तडतडताना बंद पडते, अंगठा लावावा तर अंगठ्याला बेसन. तो उघडेपर्यंत मोहरी जळाली. आणि उघडला की तिथं रंगाची नाहीतर जुगाराची जाहिरात, पाच सेकंद थांबा. शिवाय पोरांच्या हातात फोन दिला की पाककृतीवरून ती कुठं पोचतात ते तुम्हालाही नातवंडं आहेत, तुम्ही जाणता. पुस्तक कसं, तवा-कढईच्या मधे उघडं पडून राहतं, कुणाला हाक मारत नाही.

आणि पडून राहतं म्हणून डाग पडतात. आता डागावर येतो.

जून महिन्यात भरली वांगी करत होतो. आपल्या कृष्णाकाठची वांगी, काटेरी देठाची, त्याला काही लागत नाही खरं तर, पण थोरलीला पुस्तकातला मसाला करून बघायचा होता, तीळ आणि खोबरं वेगवेगळं भाजून. ती वाचत होती, धाकट्याचे दोन्ही हात मसाल्यात, आणि ती एक ओळ गाळून पुढं गेली म्हणून त्यानं "इथून वाच की" म्हणत पानावर बोट टेकवलं. उजव्या हाताची तर्जनी. एवढा स्वच्छ ठसा उमटला की त्यावर आधार कार्ड निघेल. ओल्या फडक्यानं पुसलं तर आणखी पसरला, मग तसाच ठेवला. परत करताना मी स्वतःहून दाखवला. दोनशे रुपये दंड. पावती फाडली, भरले, तक्रार नाही, नियम म्हणजे नियम. त्या पुस्तकाची छापील किंमत दोन आकडीसुद्धा नसेल ते जाऊ दे.

पण आता तीच पुस्तकं तुम्ही डागाळलेली आणि जीर्ण म्हणून रद्दीत काढताय, तेव्हा मला राहवत नाही. दर वर्षी १२ ऑगस्टला तुम्ही रंगनाथन यांच्या फोटोला हार घालता, मागच्या वर्षी मी हजर होतो, पेढा पण खाल्ला. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ते तुमच्या फोटोखालीच छापलंय, हार जरा बाजूला केला की दिसतं. तिसरा नियम, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वापरलेल्या पाककृतीच्या पुस्तकाला हळद, तेल, पिठाचे डाग नसतील तरच खरं तर चौकशी करायला पाहिजे की हे कुणी उघडलं का नाही. कादंबरीवर डाग पडला तर दंड घ्या, मी बाजूनं हात वर करतो. पण ६४१.५ च्या फळीला कोऱ्या पानाचा नियम लावणं म्हणजे पैलवानाला लंगोट मळवू नको म्हणून सांगण्यासारखं आहे.

मला माहितीय की जागेची अडचण आहे. अभ्यासिकेला खुर्च्या वाढवायच्यात, स्पर्धा परीक्षेची पोरं महिन्याला फी भरतात, त्यावर लाइटबिल निघतं, अनुदान कधी येतं कधी लटकतं. ह्याच्यात माझं काही म्हणणं नाही, पोरं कष्टाळू आहेत, पहाटे पाचला दार उघडायची वाट बघत उभी असतात. पण त्या पोरांचीच गंमत सांगतो. पावसाळ्यात एकदा मी मागच्या खोलीत फळीशी उभा होतो तर त्यातला एक मुलगा आला, लाजत लाजत, आणि म्हणाला, "काका, पिठलं कशात सापडेल?" खोलीवर चौघं राहतात, मेसचा डबा महिनाअखेर परवडत नाही, इंडक्शन शेगडी आहे. मी त्याला पान काढून दिलं, त्यानं फोटो काढला, आणि मी त्याला ते गार पाण्यात कालवायचं सांगितलं. परवा भेटला तर म्हणतो आता झुणका पण जमतो आणि आळीपाळीनं करतो, एक जण करतो आणि एक जण त्याला चालू घडामोडी वाचून दाखवतो. मी त्याला आमच्या घरचा नियम सांगितलेला नव्हता, देवाशपथ. तर ज्या पोरांना जागा पाहिजे म्हणून तुम्ही फळी काढताय ती पोरं त्या फळीची नवी गिऱ्हाइकं आहेत, फक्त ती पुस्तक रजिस्टरवर नोंदवून नेत नाहीत, उभ्यानं बघून जातात, म्हणून तुमच्या 'मागणी'त ती दिसत नाहीत. माझा तो शब्दकोशसुद्धा कुठं दिसला असेल?

आता फळीबद्दल मीच दोन वाईट गोष्टी बोलतो, नाहीतर म्हणाल हा नुसता गुणगान करतो. तिच्यावर मायक्रोवेव्हसोबत फुकट आलेली सहा पुस्तकं आहेत, कुणीतरी देणगी म्हणून आणून टाकलेली. ती खुशाल काढा. 'एका महिन्यात वजन घटवा' छापाची दहा-बारा आहेत, ती पण काढा, माझ्याकडं बघून कळतंच की त्यांचा उपयोग होत नाही. एकाच पुस्तकाच्या तीन-तीन प्रती आहेत तिथं एक ठेवा. ८४ च्या साठ झाल्या तरी चालेल.

पण काढताय तसं घ्या पण. ही फळी वाचली तर वाटतं महाराष्ट्रात फक्त दहा-वीस प्रकारच्या घरांतच चूल पेटते. पुरणपोळी सतरा पुस्तकांत आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र १९१० चं, त्याची नवी आवृत्ती मिळाली तर हवीच, पण त्याचबरोबर शाहू पाटोळ्यांचं अन्न हे अपूर्णब्रह्म घ्या. २०१५ ला आलं, मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होतं, का शिजत होतं, तेल नसताना कसं शिजत होतं ते त्यात आहे, आणि त्याचं इंग्रजी भाषांतरही आता झालंय, तरी आपल्याकडं मराठी प्रत नाही. मी ते मित्राकडून आणून घरी वाचलं. आई पहिल्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून सांगितलं की तिच्या माहेरच्या गावात वेशीबाहेरच्या कुणाच्या घरी काय शिजतं हे विचारायची पण पद्धत नव्हती, आणि ७२ च्या दुष्काळात तिच्या घरी सरकारी मदतीची सुकडी आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी होती ती तिनं आम्हाला आजवर कधी सांगितली नव्हती. सत्तर वर्षांची बाई, रोज माझ्यासमोर बसून लसूण सोलते, आणि मला हे माहीत नव्हतं. त्या रात्री थोरलीनं वाचायचं थांबवलं होतं आणि भांडी तशीच पडली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मी घासली.

तर मागणं एवढंच आहे. रद्दीवाला ह्या सगळ्याचे चार-पाचशे रुपये देईल, फार तर. तेवढे मी देतो, वर्गणीच्या पावतीवरच टाका. फळी मागच्या अंधाऱ्या खोलीतून काढून काउंटरच्या शेजारी आणा, तिथं ती जुन्या दिवाळी अंकांची जी थप्पी आहे ती आत गेली तर कुणाचं काही अडत नाही. ६४१.५ ला डागाचा दंड माफ करा, पाहिजे तर पुस्तकासोबत एक प्लास्टिकचं कव्हर द्या, पाच रुपये अनामत घ्या. प्रत्येक पुस्तकाला शेवटी दोन कोरी पानं चिकटवा, म्हणजे लोक कडेला न लिहिता तिथं लिहितील, काय बिघडलं, काय जमलं. आणि काहीच नको असेल, फळी काढायचीच असेल, तर निदान आधी सभासदांना सांगा, म्हणजे ज्याला जे पाहिजे ते तो घेऊन जाईल. ते तपकिरी पुठ्ठ्याचं माझ्यासाठी बाजूला ठेवा. दाखल नंबर मॅडमना माहितीय.

पुढच्या रविवारी तुमची बैठक आहे असं कळलं. मी येणार आहे, बोलायला नाही, नुसतं बसायला. भाजणीची चकली आणतो. मोहन यावेळी जरा जास्त झालंय त्यामुळं तुटतील, सांभाळून घ्या.

आपला,
एक सभासद (आजीव नाही, वार्षिक, पण वर्गणी कधी थकलेली नाही)

ता. क. धाकटा विचारतोय की दोनशे रुपये भरलेत तर बोट उमटलेलं ते पान आता आपलं झालं का. मी म्हणलं मंडळाला विचारून सांगतो. तेवढं कळवा.